डोळ्यांत न बघणाऱ्या पात्राचं काय करायचं?

मराठी मालिका नजरांवर चालते. सून दारातून आत येते, सासू वळून बघते. कॅमेरा सासूच्या डोळ्यांवर, मग सुनेच्या, मग जावेच्या, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या. कोणी चकार शब्द काढत नाही, पण कुणाला काय कळलंय आणि कोण काय लपवतंय हे घरबसल्या सगळ्यांना समजतं. अर्ध्या तासातून जाहिराती गेल्या की बावीसेक मिनिटं उरतात आणि त्यातली बरीचशी या बघाबघीत जातात.

अशा मालिकेत ऑटिस्टिक, म्हणजे मराठीत ज्याला ‘स्वमग्न’ म्हणतात असं, पात्र आणलं की पहिल्याच सीनला अडतं. ते समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. बघितलं तरी त्याचा अर्थ आपल्या ओळखीचा नसतो. त्याला आनंद झाला तर तो ओठांवर दिसेलच असं नाही. हात फडफडतात, टाचा उचलल्या जातात, घशातून एक बारीक हुंकार सुरू होतो. क्लोजअपच्या चौकटीत यातलं काहीच येत नाही. मग कॅमेरा सवयीने आईकडे वळतो. आईच्या डोळ्यांत पाणी, मागे बासरी. मुलाला काय वाटलं ते राहूनच जातं. टीव्हीवर आपल्याला दिसतात ते बहुतेक वेळा ऑटिस्टिक माणसाकडे बघणाऱ्यांचे चेहरे.

पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका लिहून हात बसलेली कितीतरी मुलंमुली पुढे मालिकांचे संवाद लिहायला मुंबई गाठतात. हे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण दुरुस्ती कागदावरच सुरू होऊ शकते.

चेहरा वाचता येत नाही म्हटल्यावर लेखक दुसरी सोय शोधतात, ती म्हणजे अचाट बुद्धी. याची मुळं १९८८ च्या ‘रेन मॅन’ या हॉलिवूडपटात आहेत. त्यातल्या रेमंड या ऑटिस्टिक पात्रासाठी मूळ प्रेरणा किम पीक या माणसाची होती. त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती, पण तो ऑटिस्टिक नव्हता. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा तंतूंचा पट्टाच जन्मतः नव्हता. तरीही पुढची पस्तीस वर्षं ऑटिझम म्हटलं की पाठ केलेली फोन डिरेक्टरी आणि क्षणात केलेले गुणाकार हेच पडद्यावर येत राहिलं. अशी असामान्य क्षमता थोड्या ऑटिस्टिक माणसांत असते. बाकीच्यांचं गणित तुमच्याआमच्यासारखं असतं, काहींना सुटे पैसे मोजायलाही शिकवावं लागतं. अचाट बुद्धीचं पात्र वरवर कौतुकाचं वाटतं, पण त्यातून एक अट तयार होते: हा वेगळा आहे, चालेल, पण मोबदल्यात काहीतरी दे. वर्गात, सोसायटीत, नात्यात त्या मुलाला रोज याच अटीने मोजलं जातं.

‘द गुड डॉक्टर’ ही मालिका मूळ २०१३ ची कोरियन. अमेरिकी आवृत्ती २०१७ ते २०२४ अशी सात सीझन चालली. शॉन मर्फी हा तरुण सर्जन विचार करायला लागला की शरीराच्या आकृत्या, नसा, रक्तवाहिन्या त्याच्या डोळ्यांपुढे हवेत तरंगू लागतात. कल्पना सुंदर आहे, कारण इथे कॅमेरा पात्राच्या डोक्यात शिरला. पण शिरला तो मुख्यतः हुशारी दाखवायला. ऑपरेशन थिएटरमधले दिवे, मॉनिटरची टिकटिक, एकाच वेळी बोलणारी चार माणसं हे शॉनच्या कानांनी ऐकवलं असतं तर त्याचा आवाज का चढतो हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागलं नसतं.

२०२२ ची ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू’ ही सोळा भागांची कोरियन मालिका याबाबतीत पुढे गेली, जरी तिथेही नायिका कायद्याचं पुस्तक तोंडपाठ असलेलीच आहे. वू यंग-वू रोज किमबाप, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेला भाताचा रोल, खाते. का, तर कापलेल्या तुकड्यात आतला प्रत्येक पदार्थ दिसतो. चवीचा किंवा स्पर्शाचा धक्का बसत नाही. एका खाण्यातून पात्र उभं राहिलं. हेच पुण्यात आणायचं तर मिसळीपासून सुरुवात करता येईल. फरसाण वरून कुरकुरीत, खाली रश्शात भिजून मऊ; मधे कच्चा कांदा, खाली मटकी, आणि प्रत्येक घासात प्रमाण वेगळं. ज्याच्या जिभेला प्रत्येक पोत मोठ्या आवाजासारखा लागतो त्याच्यासाठी ती वाटी म्हणजे गोंगाट. त्यापेक्षा साधा वरणभात, तोही रोज त्याच तांदळाचा. ‘नखरे करतो’ म्हणणारी आजी आणि तांदूळ बदलला हे पहिल्या घासात ओळखणारा नातू, एवढ्यावर एक सीन उभा राहतो. खलनायक लागत नाही.

याच मालिकेच्या तिसऱ्या भागात वूच्या समोर एक अशील येतो. तोही ऑटिस्टिक, पण फारसं न बोलणारा, आणि भावाच्या मृत्यूचा आरोप त्याच्यावर. आपण दोघं एकाच नावाखाली मोडतो आणि तरी मी त्याला समजू शकत नाही, ही नायिकेची अडचण लेखकाने झाकली नाही. एकच ऑटिस्टिक पात्र ठेवलं की ते सगळ्यांचं प्रतिनिधी होऊन बसतं. दोन ठेवा.

आता बोलण्याकडे येऊ, कारण मराठीत इथे फार मोठं भांडवल आहे आणि ते कोणी वापरत नाही. आपल्याकडे ऑटिस्टिक पात्र यंत्रमानवासारखं तुटक बोलतं. प्रत्यक्षात काय ऐकू येतं? एक म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं परत. आई विचारते, “तुला पाणी हवंय?” मूल म्हणतं, “तुला पाणी हवंय.” त्याला तहान लागली आहे. सर्वनाम उलटलंय, पण वाक्य रिकामं नाही. पाणी मिळालं तेव्हा हेच शब्द कानावर होते, म्हणून पाण्यासाठी हेच शब्द. मराठीत क्रियापदही पुरुषाप्रमाणे बदलतं, त्यामुळे “जेवलास?” हे “मी जेवलो” या अर्थाने येऊ शकतं. एका पात्राची दहा-बारा अशी वाक्यं आधी ठरवा, प्रत्येकाचा अर्थ बाजूला लिहून ठेवा आणि घरातल्या एकाच माणसाला, समजा काकाला, त्या अर्थांची किल्ली द्या. प्रेक्षक तिसऱ्या भागापर्यंत स्वतः ओळखायला लागतील.

दुसरं, पुस्तकी बोलणं. “मला तहान लागलेली आहे. कृपया माठातले पाणी द्यावे.” काही मुलं खरंच असं बोलतात. तू, तुम्ही, अहो यांचा गुंता तर वेगळाच: नियम एकदा शिकला की मोठ्या माणसाला ‘अहो’, म्हणून आईलाही ‘अहो आई’. तिसरं, वाक्प्रचार. “हा अगदी हात धुवून मागे लागलाय” म्हटल्यावर मुलगा स्वतःचे कोरडे हात बघतो. हा प्रसंग हशा पिकवायला लिहू नका. त्याच्या डोक्यात त्या क्षणी जे चित्र उभं राहिलं ते लिहा. चौथं, घरात सगळे मराठी आणि मूल मात्र यूट्यूबवरच्या कार्टूनचं इंग्रजी बोलतंय, हे अनेक घरांत दिसतं. मग कोणीतरी सल्ला देतं, मराठी बंद करा. दोन भाषांनी ऑटिस्टिक मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही, पण त्या सल्ल्याने आजी-आजोबांचं नातवाशी बोलणं थांबतं. मालिकेसाठी याहून जवळचा विषय कोणता?

अटर्नी वू स्वतःची ओळख करून देताना उलटसुलट सारखे वाचले जाणारे शब्द म्हणते, कारण तिचं नावही तसंच आहे. आपल्याकडे ‘चिमा काय कामाची’, ‘रामाला भाला मारा’, ‘टेप आणा आपटे’ हे पोराटोरांना पाठ असतं. शब्दांच्या आकारावर प्रेम करणारं पात्र मराठीत आणायला उधारीवर काही घ्यावं लागत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन झालेला उद्रेक, दाखवताना. पडद्यावर तो अचानक येतो, चाळीस सेकंद आरडाओरडा, आई धावत येऊन मिठी मारते, मूल शांत, शीर्षकगीताची धून. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही.

गौरी जेवायच्या दिवशीचं सदाशिव पेठेतलं घर घ्या. सकाळपासून पंख्याचं एक पातं टकटक करतंय. स्वयंपाकघरात मिक्सर, मग कुकरच्या चार शिट्ट्या. बेल वाजते, पाहुणे येतात, प्रत्येकजण गाल ओढतो. नवा कुर्ता, मानेला टोचणारं लेबल. रोजची जागा म्हणजे सोफ्याचा डावा कोपरा, तिथे कोणीतरी बसलंय. बाहेर मंडळाचा स्पीकर. आपला मेंदू यातले बहुतेक आवाज आपोआप मागे ढकलतो. इथे ते मागे जात नाहीत, सगळे पुढेच उभे राहतात. मुलगा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागतो: “मामा कधी जाणार?” सगळे हसतात. हा पहिला इशारा आहे. मग येरझारा, हुंकार वाढतो, शब्द कमी होतात, हात कानांवर जातात. मग आरती सुरू होते आणि कोणीतरी त्याच्या कानाजवळ झांज वाजवतं.

ती झांज म्हणजे फक्त शेवटचा थेंब; खरं कारण म्हणजे सकाळपासूनचं सगळं. लिहिताना पाच आवाज निवडा आणि तीन मिनिटांत एकेक करून चढवत न्या, पार्श्वसंगीत पूर्ण बंद. ध्वनी संयोजकाला पटकथेतच सांगा की हे आवाज एकाच पातळीवर ठेवायचे, संवाद त्यांच्या वर आणायचा नाही. प्रेक्षकाला संवाद नीट ऐकू येणार नाहीत. तेच हवंय.

उद्रेक झाल्यावर समजावणं चालत नाही. शब्दही एक आवाजच. दिवा मंद करायचा, माणसं बाहेर काढायची, टोकदार वस्तू दूर करायच्या आणि थांबायचं. मिठीने अनेकदा आणखी बिघडतं. हलका स्पर्श काहींना चटका बसल्यासारखा लागतो. घट्ट दाब आवडणारी मुलं आहेत, पण तो त्यांनी मागितला तर. आणि हट्टापेक्षा हे वेगळं कसं, तेही दाखवता येतं: हट्ट करणारं मूल मधेच कोण बघतंय ते पाहतं आणि हवी ती वस्तू मिळाली की थांबतं. इथे मामा गेला तरी थांबणार नाही. नंतर येते गळून जाणारी झोप, तहान, आणि मोठ्या मुलांत शरम. हा नंतरचा तास पडद्यावर क्वचितच येतो. काहींचा उद्रेक तर आतल्या आत होतो, माणूस दगडासारखा गप्प. विशेषतः मुली वर्गात दिवसभर सांभाळून घेतात आणि घरी येऊन कोसळतात. शाळा म्हणते, आमच्याकडे तर काहीच त्रास नाही.

निदानाच्या सीनबद्दल थोडक्यात. डॉक्टर एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरून “तुमच्या मुलाला ऑटिझम आहे” म्हणतात, हे बंद व्हायला हवं. ऑटिझम स्कॅनमध्ये किंवा रक्तात दिसत नाही. आधी ऐकू येतंय ना ते तपासतात, मग पालकांशी दीर्घ बोलणं आणि मुलाचं निरीक्षण. भारतात ‘इसा’ ही चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. त्यातला एकेक प्रश्न ऐकताना आईबाबांना मागची तीन वर्षं नव्याने दिसायला लागतात. नाट्य हवं असेल तर ते तिथे आहे. आणि लीप घेऊन, म्हणजे कथा काही वर्षं पुढे नेऊन, मूल ‘बरं’ करू नका. लीपनंतर ते मोठं ऑटिस्टिक माणूस असेल.

मोठेपणाच्या कथा तर जवळपास कोरीच पाटी आहे. अठरा पूर्ण झाल्यावर बँकेत सही कोणाची? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्या अर्जावर आईवडिलांबरोबर बहिणीचं नाव घालायचं का, तिचं लग्न ठरत असताना? आणि ज्याच्यासाठी पालक नेमायचा त्याला कोणी विचारलं का? कौटुंबिक मालिकेला लागणारं सगळं या एका अर्जात आहे.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर निकाल देताना चित्रपट-मालिकांतल्या अपंगत्वाच्या चित्रणासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या: ‘पीडित’, ‘ग्रस्त’ अशी भाषा टाळा, वैद्यकीय माहिती तपासून घ्या, थट्टाही नको आणि अलौकिक शक्तीचे पुतळेही नकोत, आणि आमच्याबद्दल आमच्याशिवाय काही नको. शब्दाचंच बघा. ‘स्वमग्न’ ऐकून वाटतं की माणूस स्वतःतच बुडालाय. सदाशिव पेठेतल्या त्या घरातला मुलगा तर बाहेरचं सगळं जरुरीपेक्षा जास्त ऐकतोय. म्हणून मी ऑटिस्टिक हाच शब्द वापरतो.

‘आमच्याशिवाय काही नको’ या शेवटच्या सूचनेचा अर्थ कलाकार निवडण्यापर्यंत जातो. ऑस्ट्रेलियाच्या २०२२ च्या ‘हार्टब्रेक हाय’मध्ये क्विनीची भूमिका क्लोई हेडन या ऑटिस्टिक अभिनेत्रीने केली आणि पात्राच्या थकव्याला, आनंदाला एक वेगळीच अचूकता आली. आपल्याकडे अडचण सेटची आहे. बारा तासांची शिफ्ट आणि सीनचे कागद त्याच सकाळी हातात, यात कोणीही दमेल. ऑटिस्टिक कलाकार घ्यायचा तर सीन किमान दोन दिवस आधी गेले पाहिजेत. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावा: मेकअप, सीन, जेवण, सीन, घरी. क्रम बदलला तर आधी कार्ड बदला, मग सांगा. मेकअपला रोज एकच माणूस, कपडे आधी धुतलेले, लेबलं कापलेली. दार लागेल अशी एक शांत खोली. आणि क्लॅप, म्हणजे शॉटच्या सुरुवातीला पाटीवर वाजवतात तो, कलाकाराच्या तोंडासमोर फटकन वाजवायचा नाही. तो शॉट संपल्यावर, पाटी उलटी धरून देता येतो. एडिटरला चित्र आणि आवाज जुळवायला तेवढं पुरतं, आणि सीन सुरू होतो तो शांततेत.