कन्नड गोष्टी आणि शब्दकोशात न सापडणारे 'एद्दु'

नोकरीनिमित्त बंगळुरूला आल्यावर कन्नड लिपी मला महिन्याभरात वाचता येऊ लागली. वर्णमालेचा क्रम आपल्यासारखाच असल्यामुळे त्यात फारसे कष्ट पडले नाहीत. पुढचे चार महिने मात्र हकनाक गेले आणि त्याची चुटपुट अजून आहे.

ज्या वर्गाला मी जात होते, तिथे अडलेला प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिल्याशिवाय पुढे वाचायचे नाही, असा दंडक होता. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या बहुभाषिक संकेतस्थळावर, सोप्यापासून अवघडापर्यंत, गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. त्यांतली तिसऱ्या पातळीची एक गोष्ट मी घेतली आणि पहिल्याच पानावर 'एद्दु'पाशी अडले. माझ्या शब्दकोशात तो शब्द सापडेना, कारण तिथे होता मूळ धातू 'एळु', म्हणजे उठणे. 'एद्दु' म्हणजे 'उठून'. तसेच 'बीळु'चे 'बिद्दु', 'तरु'चे 'तंदु', 'कोडु'चे 'कोट्टु'. मूळ रूप ठाऊक असेल तरच शब्द सापडणार, आणि ते ठाऊक असते तर शब्दकोश उघडावाच लागला नसता! रोज रात्री तासभर बसून चार ओळी व्हायच्या आणि चौथी कळेपर्यंत पहिल्या ओळीतला मुलगा कुठे निघाला होता, हेच मी विसरलेली असे.

शेवटी वर्ग सोडला, शब्दकोश कपाटात ठेवला आणि थेट पहिल्या पातळीवर उतरले. रोज दोन गोष्टी, मोठ्याने. तिसऱ्या आठवड्यात अंथरुणात बसून डोळे चोळणाऱ्या मुलीच्या चित्राखाली 'बेळिग्गे एद्दु' असे शब्द दिसले आणि 'सकाळी उठून' हा अर्थ मनात लावावाही लागला नाही. हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासानुसार, आधाराविना गोष्ट नीट कळायला तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नासांत एखादाच अनोळखी. माझ्या त्या गोष्टीत ओळीओळीला तीन होते. त्यामुळे आधी पानावरचे अनोळखी शब्द मोजावेत आणि ते फार निघाले, तर गोष्ट बिनदिक्कत बाजूला ठेवावी.

मराठी वाचकाला वाक्यरचना जड जात नाही: 'बरुत्तेने एंदु हेळिदळु' म्हणजे 'येते म्हणून सांगितले', आणि 'एंदु' नेमका आपल्या 'म्हणून'च्या जागी येतो. एक सांगायचे राहिले. पुष्कळदा तीच गोष्ट मराठीतही मिळते, ती आधी वाचू नये; मी वाचली तेव्हा कन्नड ओळींवरून डोळे नुसते घसरत गेले.

अडलेली ती गोष्ट मी आठ महिन्यांनी पुन्हा उघडली आणि वीस मिनिटांत संपवली. तो मुलगा आजीचे औषध आणायला निघाला होता.