सातबारा कुणाच्या नावावर? इटलीतली फुटबॉल स्टेडियम

रोम किंवा नेपल्सचा सामना टीव्हीवर लागला की प्रेक्षक मैदानापासून कोसभर लांब दिसतात. मध्ये सगळा धावण्याचा ट्रॅक. तूरिनला युव्हेंटसचा सामना असला की थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूच्या अगदी पाठीशी लोक बसलेले. असं का, हे कळायला स्टेडियमचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आधी बघावं.

इटलीतली बहुतेक स्टेडियम नगरपालिकांची आहेत आणि क्लब तिथले भाडेकरू. पालिकेला एकाच खर्चात फुटबॉल आणि ॲथलेटिक्स दोन्ही उरकायचं असे, म्हणून ट्रॅक. मालक तिसराच, म्हणून एका छपराखाली दोन हाडवैरी: मिलानमध्ये एसी मिलान आणि इंटर, जेनोवात जेनोआ आणि साम्पदोरिया. रोमच्या ऑलिम्पिकोत रोमा आणि लाझिओ. ते तर सरकारी आहे, १९६० च्या ऑलिम्पिकचं मुख्य स्टेडियम. तिथे गोलपोस्टमागचा दक्षिण स्टँड रोमाचा, उत्तरेचा लाझिओचा.

मिलानचं सान सिरो मात्र जन्माने खासगी. एसी मिलानचे अध्यक्ष पिएरो पिरेल्ली यांनी ते १९२६ मध्ये उभं केलं, १९३५ मध्ये पालिकेने विकत घेतलं आणि १९४७ पासून इंटरही तिथेच खेळू लागला. १९८० मध्ये ज्युसेप्पे मेयाझ्झाचं नाव दिलं. तो दोन्ही क्लबांकडून खेळला, पण खरा इंटरचा. त्यामुळे एसी मिलानवाले आजही सान सिरोच म्हणतात. १९५५ मध्ये दुसरा मजला चढला. १९९० च्या विश्वचषकासाठी ११ गोल काँक्रीट मनोऱ्यांवर तिसरा मजला उभारला आणि कोपऱ्यांतल्या चार मनोऱ्यांवर छपराच्या लाल तुळया टेकवल्या. पूर्वेला घोड्यांच्या शर्यतीचं मैदान असल्यामुळे त्या बाजूला तिसरा मजला नाही.

या तिसऱ्या मजल्याने गवताचा जीव घेतला. उंच स्टँड आणि वर छप्पर, त्यामुळे ऊन खालपर्यंत पोचेना, वारा खेळेना, ओल सुकेना. मुळं वरवरच राहायची. त्यात दोन क्लबांचे सामने, म्हणजे गवताला सावरायला उसंत नाही. बुटाखाली ढेकळंच्या ढेकळं उखडायची. हंगामात अनेकदा गवताचे तयार गालिचे आणून अंथरावे लागत. अखेर २०१२ मध्ये कृत्रिम धाग्यांनी बांधलेलं मिश्र गवत आलं, तेव्हा जमीन धरून राहिली.

इथल्या तिकिटावर मजला आणि रंग लिहिलेला असतो: पश्चिम लाल, पूर्व नारिंगी, उत्तर हिरवा (इंटरचे कट्टर समर्थक), दक्षिण निळा (मिलानचे). पहिल्या मजल्याच्या खालच्या रांगा स्वस्त मिळाल्या तरी टाळाव्यात. उतार कमी, समोर जाहिरातींचे फलक, पलीकडच्या गोलजवळ काय चाललंय ते कळत नाही. तिसऱ्यावरून संघाची रचना छान दिसते, पण चढण दमवते. माझ्या मते दुसरा मजला, नारिंगी.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिलान पालिकेने हे स्टेडियम दोन्ही क्लबांना विकायला मंजुरी दिली. शेजारी नवं बांधून जुन्याचा बराचसा भाग पाडायचा बेत आहे.

ही वाट युव्हेंटसने आधीच घालून दिली. १९९० च्या विश्वचषकासाठी बांधलेलं तूरिनचं देल्ले आल्पी सुमारे ६९ हजार लोकांचं, ट्रॅकवालं आणि कायम अर्धं रिकामं. ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये ४१ हजारांचं स्वतःचं स्टेडियम उघडलं. पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर! आसनं कमी, तरी गर्दी जास्त. उदिनेझे क्लबने २०१३ मध्ये स्टेडियमसाठी पालिकेशी ९९ वर्षांचा करार केला, अटलांटा क्लबने २०१७ मध्ये बेर्गामोचं स्टेडियम विकत घेतलं. सास्सुओलो गावच्या क्लबची तर गंमतच: त्यांचं स्वतःचं स्टेडियम आहे, पण शेजारच्या रेज्जो एमिलिया शहरात.

फ्लोरेन्सची अडचण वेगळी. तिथलं आर्तेमियो फ्रांकी हे अभियंते पिएर लुइजी नेर्वी यांचं १९३० च्या सुमाराचं काँक्रीटचं काम. बाहेरचे वळणदार जिने आणि मॅरेथॉन मनोरा संरक्षित वारशात मोडतात, त्यामुळे तिथल्या फिओरेंतिना क्लबला ते पाडून नवं बांधणं जमत नाही. आहे त्यातच दुरुस्ती.

ट्रॅक नको असेल तर जेनोवाचं मारास्सी बघा. १९११ चं, १९९० साठी नव्याने बांधलेलं, चार कोपऱ्यांत लाल मनोरे, चारही स्टँड मैदानाला खेटून. ब्रिन्योले स्टेशनवरून चालत जाता येतं.

तिकीट कुठलंही असो, ते नावावर असतं. त्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही तर फाटकावरून परत पाठवतात, म्हणून मधलं नावसुद्धा जसंच्या तसं भरावं. मित्राचं तिकीट घेऊन जायचं असेल तर आधी क्लबच्या साइटवर नाव बदलून घ्यावं. काही सामन्यांना तीही सोय बंद असते. पाहुण्या समर्थकांच्या भागाचं तिकीट परदेशी माणसाने घेऊच नये, कारण तणावाच्या सामन्याला तो भाग ऐनवेळी बंद होऊ शकतो. गोलमागच्या 'कुर्वा'त आसन क्रमांकाला कुणी विचारत नाही, सगळे उभेच असतात. बसून बघायचं तर मुख्य स्टँडच्या समोरचा 'दिस्तिंती' घ्यावा. पाण्याच्या बाटलीचं झाकण दारातच काढून घेतात. आणि विमानाचं तिकीट सामन्याचा वार पक्का झाल्यावरच काढा, कारण टीव्हीच्या सोयीने तोच सामना शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कुठेही सरकतो.