स्पेंट वॉशमधून गॅस, गंधक आणि पोटॅश : आमची वाटचाल

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. कोल्हापूर-सांगली भागातल्या साखर कारखान्यांच्या टाक्या, पाइपलाइनी, हंगामाआधीचं ओव्हरहॉलिंग, असं करत करत डिस्टिलरीत शिरलो आणि तिथलेच झालो.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की साधारण 8 ते 12 लिटर स्पेंट वॉश, म्हणजे मागे उरणारं सांडपाणी निघतं, काळपट, कढत, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला लाखभर मिलिग्रॅम. हे पाणी नदीत गेलं की मासे तरंगतात, हे आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण डायजेस्टरमध्ये, म्हणजे जिवाणूंच्या हवाबंद टाकीत घातलं तर त्याच पाण्याच्या एका घनमीटरला 30-35 घनमीटर बायोगॅस मिळतो आणि बॉयलरचा बगॅस, म्हणजे उसाचा चोथा वाचतो.

लोकांना वाटतं गॅस काढणं अवघड असेल. अहो, जिवाणू सांभाळले तर गॅस येतोच! हंगाम संपला की डायजेस्टर उपाशी पडतो, मग सुरू करताना शेण घालून हळूहळू फीड वाढवायचा, पीएच आणि व्हीएफए (टाकीत तयार होणारी सेंद्रिय आम्लं) रोज बघायचं, घाई केली की आंबलंच म्हणून समजा. खरी डोकेदुखी पुढे, त्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड. साखर पांढरी करायला कारखान्यात गंधक जाळतात, त्यातला काही मळीत उतरतो, वर फर्मेंटेशनला सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरलं तर अजून भर, आणि ते सगळं शेवटी गॅसमध्ये येऊन इंजिन, पाइप खातं. वासाने अंदाज घ्यायला जाऊ नका, जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं आणि माणूस जागेवर पडतो.

म्हणून आम्ही स्क्रबरकडे, म्हणजे गॅस धुऊन काढणाऱ्या यंत्राकडे वळलो. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात तो वायू शोषायचा आणि दुसऱ्या टाकीत जिवाणूंना मोजकीच हवा द्यायची, हवा जास्त झाली की सल्फेट, बेताची असली की गंधक. हा गंधक ओला, लोण्यासारखा बारीक असतो. आमच्याकडचे द्राक्षवाले बघितल्याबरोबर भुरीवर मारायला मागतात, पण शुद्ध न करता फवारायला देत नाही, तो खतवाल्यांकडे जातो.

मग पोटॅश. उसाने जमिनीतून उचललेला पालाश शेवटी स्पेंट वॉशमध्येच येतो. इव्हॅपोरेटरवर आटवून बॉयलरला जाळला की राखेत सापडतो, 14.5 टक्के भरला तर पीडीएम (मळीपासून मिळालेलं पोटॅश खत) म्हणून विकता येतो आणि 2021 पासून त्याला सबसिडीही आहे. एमओपी, म्हणजे नेहमीचं पोटॅश खत, आपण सगळं परदेशातून आणतो म्हटल्यावर ही राख टाकून देणं मला तरी पटत नाही. फक्त हवेतला ओलावा ओढून पोती दगड होतात, पावसाळ्यात तर विचारू नका.

गॅस आधी काढला की जाळायला ऊब कमी उरते, म्हणून काहीजण गॅस न काढता स्पेंट वॉश आटवून थेट जाळतात. मी गॅसच्या बाजूचा. आता मक्याच्या डिस्टिलरीवाले बोलावतात, पण त्यांचा घनभाग डीडीजीएस (वाळवलेला धान्याचा चोथा) म्हणून पशुखाद्यात जातो, आमच्या वाट्याला फक्त कंडेन्सेटचं, म्हणजे वाफ थंड होऊन आलेलं पातळ पाणी. तरी एक कोटेशन दिलंय.