रविवारीही फायलीच!

आज सदाशिव पेठेत आमच्या मेडिकल रेकॉर्डवाल्यांच्या संघटनेची बैठक होती. निघताना बायको म्हणाली, "सुट्टीच्या दिवशीही फायलीच का?" काय बोलणार!

मुख्य विषय आयसीडी-११, म्हणजे आजारांना कोड देण्याच्या जागतिक यादीची अकरावी आवृत्ती. डब्ल्यूएचओने ते १ जानेवारी २०२२ पासून लागू केलंय, आमच्याकडे अजून दहावीच आवृत्ती. टाइप-टू डायबेटिस म्हटलं की हात आपोआप ई११ लिहितो, आता तिथे ५ए११. वीस वर्षांची सवय मोडायची म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्याने जेव म्हणण्यासारखंच.

मग २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यावर, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून इतर आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या कायद्यावर, चर्चा झाली. त्यात हेल्थ इन्फर्मेशन मॅनेजमेंटला, म्हणजे आमच्याच कामाला, स्वतंत्र व्यवसाय म्हणून जागा आहे. आम्हाला मात्र वॉर्डात अजून "ओ फाइलवाले" अशीच हाक!

चहाच्या वेळी शेजारच्या ताईंनी मोबाइलवर एक डिस्चार्ज कार्ड दाखवलं. नाव-नंबर झाकलेला, निदानाच्या जागी फक्त एक लांबलचक वेलांटी. "सांगा, काय कोड देऊ?" पाच जण डोकी खुपसून बसलो. एक म्हणे गॅस्ट्रो, एक म्हणे डेंग्यू. मला तर ती डॉक्टरांची सहीच वाटली.

उद्या ताई त्या डॉक्टरांनाच गाठणार आहेत. राउंड संपायच्या आत सापडले तर.