चौघं, एक गाडी आणि दोन दिवसांची डिस्क गोल्फ स्पर्धा

डिस्क गोल्फ म्हणजे चकती (डिस्क) फेकत कमीत कमी फटक्यांत साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायचा खेळ; एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे होल, सगळे होल मिळून एक राउंड. यात माणूस खेळतो एकटा, पण अमेरिकेत आपल्यासारखे हौशी खेळाडू स्पर्धेला जातात ते तिघा-चौघांच्या गाडीतून. माझं स्पष्ट मत आहे की या चौघांचे निम्मे फटके गाडीच्या वेळापत्रकात वाया जातात. बॅकहँड कसा मारायचा याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन राउंडच्या मधल्या तासाचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

उदाहरण म्हणून एडिसन, न्यू जर्सीहून मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्टरचा प्रवास धरू. तिथलं मेपल हिल हे ख्रिसमस ट्रीच्या शेतात वसवलेलं मैदान प्रसिद्ध आहे, आणि न्यू इंग्लंडकडच्या मैदानांचा सगळा त्रास (तळी, दगड, मुळं, दाट झाडी) तिथे एका जागी भेटतो.

सुरुवात नोंदणीपासून. बहुतेक स्पर्धांची नोंदणी डिस्क गोल्फ सीन या वेबसाइटवर होते, आणि चांगल्या स्पर्धेच्या जागा उघडल्या उघडल्या भरतात. त्यामुळे कोण कुठल्या डिव्हिजनमध्ये (वय आणि कौशल्यानुसार पाडलेल्या वर्गात) खेळणार हे आधीच ठरलेलं हवं. इथे लोक फक्त रेटिंग (आधीच्या खेळावरून मिळालेला आकडा) बघतात. वेळ बघायला हवी. काही स्पर्धांमध्ये डिव्हिजन दोन गटांत वाटतात, अर्धे सकाळी खेळतात आणि अर्धे दुपारी. दोघं सकाळच्या गटात, दोघं दुपारच्या गटात पडले की एका गाडीचे दहा-अकरा तास पार्किंगमध्ये जातात, आणि सकाळी आठला खेळणाऱ्यासाठी दुपारी दोनला खेळणाराही पहाटे पाचला उठतो. मित्रांसोबत एकाच कार्डवर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या गटात, खेळायला मिळेल या आशेने डिव्हिजन निवडू नका. पहिल्या राउंडचे गट टीडी (स्पर्धेचा संचालक) लावतो, पुढचे गुणांनुसार लागतात. चौघं एका वेळी सुरू आणि एका वेळी मोकळे, एवढं जमलं तरी खूप.

शुक्रवार हा खरा कळीचा दिवस. आय-287, टॅपन झी पूल (आता मारिओ कुओमो पूल), आय-684, मग आय-84 हे हायवे धरून स्टरब्रिजपर्यंत. रस्ता मोकळा असेल तर चारेक तासांत पोचता. दुपारी तीन-चारला निघालात तर डॅनबरी, वॉटरबरी आणि हार्टफर्ड ही तीन गावं तुम्हाला सोडत नाहीत. म्हणून एक तर सकाळी दहा-अकराला निघा आणि उजेडात एक राउंड खेळा, नाहीतर सरळ रात्री जेवून निघा आणि सरावाचा नाद सोडा. मधला मार्ग सगळ्यात वाईट: संध्याकाळी साडेसहाला पोचायचं, अंधुक उजेडात बारा होल घाईघाईने उरकायचे, दोन डिस्क झाडीत घालवायच्या आणि थकून झोपायचं.

सराव एकच राउंड करायचा. दुसरा केलात तर शनिवारी दुपारी कोपर आणि कंबर त्याचा हिशोब मागतात. चौघं असण्याचा फायदा इथे घ्या. प्रत्येक टीवरून (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून) दोघांनी सुरक्षित रेषेवर फेकायचं, दोघांनी धाडसी रेषेवर. मग चारही डिस्कपाशी चालत जाऊन बघायचं की पुढचा फटका खरोखर कुठून सोपा आहे. स्कोअर लिहू नका. लिहायचं ते हे: ओबीची (जिच्यापलीकडे डिस्क गेली की दंड) रेषा कुठे, मँडो (अमुक बाजूनेच डिस्क न्यायची सक्ती) चुकला तर ड्रॉप झोन, म्हणजे पुढचा फटका मारायची ठरलेली जागा, कुठे, बास्केटच्या मागे उतार आहे का. आणि कॅडी बुक (स्पर्धेची होलवार माहितीपुस्तिका) उघडून बास्केटची जागा ताडून बघा. एकाच होलवर बास्केट दोन-तीन ठिकाणी बसवायची सोय असते. शुक्रवारी ज्या जागेवर सराव केला तीच शनिवारी असेल असं नाही.

मोटेलची खोली तळमजल्यावरची, दोन क्वीन पलंगांची, फ्रिजसकट घ्या. आंघोळीचा हिशोब आधी करा: माणशी पंधरा मिनिटं म्हटली तरी चौघांचा तास जातो. दोघांनी रात्री उरकायचं, दोघांनी सकाळी. मोटेलचा नाश्ता शनिवार-रविवारी बऱ्याचदा सातला सुरू होतो, त्याच्या भरवशावर राहू नका. शॉटगन स्टार्ट असेल तर सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात, आणि तुमचा होल पार्किंगपासून पंधरा मिनिटं चालायच्या अंतरावर असू शकतो. उशिरा पोचल्यामुळे जो होल हुकला त्याला पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) अधिक चार असे गुण लागतात, म्हणजे पार 3 च्या होलला 7. दोन होल हुकले की आठ फटके बसल्या जागी गेले. एवढे तुम्ही दिवसभर पट करून (जवळून बास्केटमध्ये टाकून) भरून काढू शकत नाही.

बॅगेत किती डिस्क न्यायच्या यावर वाद घालायला लोकांना आवडतं. मी वजन बघतो. 170-175 ग्रॅमच्या वीस डिस्क म्हणजे साडेतीन किलो, दोन लिटर पाणी, रेनकोट, टॉवेल, छोटं स्टूल. एकूण सात-आठ किलो. ते घेऊन दिवसात दोन राउंड डोंगर चढायचा. दाट झाडीच्या मैदानावर स्पीड 12 चे ड्रायव्हर (लांब पल्ल्याच्या वेगवान डिस्क) दोन पुरतात, कारण तिथे रेषा सरळ आणि बोळ अरुंद असतो. बझ किंवा रॉकसारखा मिडरेंज (मध्यम अंतराची डिस्क), टीबर्डसारखा सरळ जाणारा फेअरवे ड्रायव्हर, वाऱ्यासाठी आणि फोरहँडसाठी फायरबर्ड यांवर बहुतेक काम भागतं. पटर (पट करायच्या डिस्क) मात्र एकाच साच्याचे, एकाच प्लॅस्टिकचे दोन ठेवा. एकच असला आणि तो पाण्यात गेला की उरलेली स्पर्धा अनोळखी पटरने खेळावी लागते. बाकी जास्तीच्या डिस्क गाडीत. त्याही उन्हाळ्यात डिकीत उभ्या कोंबून नाहीत: गरम डिकीत मऊ प्लॅस्टिकचे पटर वाकतात. आडवे, एकावर एक ठेवा. वाकलाच तर गरम पाण्यात बुडवून सपाट जागी थंड होऊ द्या, बराचसा सरळ होतो.

पाऊस ही न्यू इंग्लंडची खासियत. त्यासाठी माणशी चार-पाच टॉवेल हवेत, आणि ते एकदम बाहेर काढायचे नाहीत. एक बॅगेला लटकलेला, चिखल पुसायला. एक छत्रीच्या आत तारेला अडकवलेला, फक्त हात आणि डिस्कच्या कडेची आतली बाजू पुसायला. बाकी झिप पिशवीत बंद, दुसऱ्या राउंडसाठी. डिस्क हातातून निसटते ती आतल्या कडेवरच्या ओलाव्यामुळे, वरचा भाग ओला असला तरी फारसं बिघडत नाही. ओल्या काँक्रीटच्या टीवर रन-अप अर्धा करा. पुढचा पाय घसरला तर डिस्क भरकटते एवढंच. पण तो चिकटून राहिला आणि शरीर वळलं तर गुडघा जातो. रात्री खोलीत सगळ्या डिस्क बॅगेतून काढून पसरायच्या, बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. हेअर ड्रायरने बूट वाळवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आणि मोटेलच्या पांढऱ्या टॉवेलांना चिखल लावलात तर बिलात दिसेल. दर दिवशी मोज्यांचे तीन जोड धरा, दोन राउंडच्या मध्ये बदललेला कोरडा मोजा दुपारचे फोड वाचवतो.

दोन राउंडच्या मध्ये साधारण तास-दीड तास मिळतो. चौघं गाडी काढून रेस्टॉरंट शोधायला गेले की वीस मिनिटं जायला, वीस यायला, आणि ऑर्डर टेबलावर येईपर्यंत राउंड सुरू व्हायला दोन मिनिटं उरल्याचा इशारा झालेला असतो. डिकीत कूलर ठेवा: दशम्या किंवा धपाटे, दही, कोरडी चटणी, केळी, उकडलेली अंडी. तळलेलं संध्याकाळसाठी राखा. पाणी माणशी तीन लिटर, त्यात एक बाटली मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत.

झाडीतल्या दोन गोष्टींबद्दल नीट सांगतो, कारण भारतातून आलेल्यांना त्या ओळखता येत नाहीत. पहिली पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानांचे झुपके, मधल्या पानाचं देठ लांब, जमिनीवर किंवा झाडावर चढलेली वेल. तिचं तेल त्वचेला लागलं की एक-दोन दिवसांत फोड येतात. डिस्क त्यात घुसली तर तेल डिस्कला लागतं, तिथून हाताला, हातावरून चेहऱ्याला. काठीने ओढून काढा, रबिंग अल्कोहोलने पुसा, हात भांड्यांच्या साबणाने लगेच धुवा. दुसरी गोष्ट, गोचीड. लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि लाइम रोग पसरवते. बूट आणि मोज्यांवर 0.5 टक्के पर्मेथ्रिन आदल्या दिवशीच फवारून वाळवा. ते कपड्यांसाठी आहे, अंगाला लावायचं नाही. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत आणि केसांच्या मुळाशी बघायचं. पाठ एकमेकांची बघावी लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा.

नियमांपैकी मित्रांसोबतच्या सरावात ढिले पडणारे आणि स्पर्धेत फटके खाणारे हे: फेकायला 30 सेकंद, हरवलेली डिस्क शोधायला 3 मिनिटं, मार्करच्या (डिस्क पडली तिथे ठेवलेल्या खुणेच्या) मागे पाय टेकायला 20 सेंमी रुंद आणि 30 सेंमी लांब जागा, आणि बास्केटपासून 10 मीटरच्या आत पट केल्यावर तोल सावरल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. स्कोअर चुकीचा भरून दिला तर दोन फटक्यांचा दंड, म्हणून पीडीजीए लाइव्हवर (खेळाच्या संघटनेच्या ऑनलाइन स्कोअर-नोंदणीवर) जमा करण्याआधी कार्डावरच्या प्रत्येकाने आकडे मोठ्याने वाचायचे. तुमच्यातला एखादा खेळत नसेल तर त्याला कॅडी करा. तो बॅग उचलेल, छत्री धरेल, पण त्याच्या वागण्याची जबाबदारी तुमच्यावर येते हे त्याला आधी सांगा.

रविवारी सकाळीच सामान गाडीत टाकून खोली सोडा. चेक-आउट अकराला आणि तुम्ही तेव्हा नवव्या होलवर, असा प्रकार होतो. बक्षीस समारंभाला थांबायचं का, हे शुक्रवारीच ठरवा. हौशी डिव्हिजनमध्ये रोख रक्कम नसते, माल किंवा व्हाउचर असतं, आणि पहिल्या क्रमांकाला बरोबरी झाली तर प्लेऑफ होतो. एकाला थांबायचंय आणि तिघांना सोमवारी सकाळी मीटिंग आहे, यावरून परतीची गाडी चार तास मुकी राहते. गाडी चालवायची पाळी त्याची, ज्याचा राउंड सगळ्यात आधी संपला आणि ज्याने पाय पसरून थोडी विश्रांती घेतली.

निघण्याआधी सापडलेल्या डिस्कचं टेबल बघून घ्या. आणि अल्कोहोलने पुसलेल्या डिस्कवरचं शार्पी पेनने लिहिलेलं नाव-नंबर उडालेलं असतं, ते गाडीतच पुन्हा लिहा. खूण नसलेली डिस्क स्पर्धेत चालत नाही, आणि नंबर नसलेली परत मिळत नाही.