पहिलं बोट आडवं

गिटार शिकणाऱ्यांचे सरळ दोन गट पडतात, एफ नावाची कॉर्ड (म्हणजे एकत्र वाजवायचा सुरांचा गुच्छ) लागलेले आणि एफ न लागलेले, आणि दुसऱ्या गटातल्यांच्या गिटारी शक्यतो कपाटावर सापडतात. म्हणजे सुरुवात सगळ्यांचीच झकास होते. ई मायनर दोन बोटांत, मग ए मायनर, सी, डी, जी, बोटांची टोकं काही दिवस चुरचुरतात, मग घट्टे पडतात, घरच्यांना ओळखू येईल असं काहीतरी वाजायला लागतं आणि आपल्याला वाटतं, अरे हे तर जमतंय की. आणि मग एखादं साधं चार कॉर्डचं गाणं काढावं तर सी आणि जीच्या मधोमध एफ मांडी घालून बसलेला, कारण गाणं सीच्या सुरात असेल तर त्याच्याशिवाय पान हलत नाही.

करायचं काय असतं, तर पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवर धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या पहिल्या घरात, पहिलं बोट (तर्जनी) सहाच्या सहा तारांवर आडवं टाकायचं आणि उरलेल्या तीन बोटांनी त्याच्या पुढे ई मेजरचा आकार धरायचा. सांगायला दोन सेकंद. वाजवल्यावर दोन तारा बोलतात, एक करकरते आणि बाकीच्या नुसत्या ठकठकतात. मग माणूस काय करतो, तर जोर लावतो. अजून जोर लावतो. बोटावर तारांचे वळ उठतात, अंगठ्याच्या बुडाशी कळ यायला लागते, खांदे कानापर्यंत चढतात, आणि आवाज होता तिथेच.

माझं म्हणणं असं आहे की हे सगळं त्या 'सहाच्या सहा तारा दाबा' या वाक्यामुळे होतं. कारण नीट बघा, एफ मेजरमध्ये पाचवी आणि चौथी तार अनामिका आणि करंगळीने तिसऱ्या फ्रेटवर धरलेली असते, तिसरी तार मधल्या बोटाने दुसऱ्या फ्रेटवर. म्हणजे त्या आडव्या बोटाकडे खरं काम उरतं तीनच तारांचं, वरची जाडी सहावी आणि खालच्या बारीक दोन, दुसरी आणि पहिली. मधला भाग नुसता पडून राहिला तरी चालतो! हे कळल्यावर बोट थोडं कमानीत, मधे सैल ठेवता येतं आणि निम्मी कुस्ती तिथेच संपते. आता मधलं बोट उचला, झाला एफ मायनर, आणि दिसायला एक बोट कमी असूनही हा जास्त छळतो, कारण तिसरी तारसुद्धा आता पहिल्या बोटाच्या वाट्याला येते आणि नेमकी तिथेच पेराची घडी. तार त्या घडीत जाऊन बसते आणि मुकी होते. उपाय काय, तर जोर नाही, बोट केसभर वर किंवा खाली सरकवायचं म्हणजे घडी दोन तारांच्या मधे येते, आणि बोट पालथं सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं करायचं, तिथे मांस कमी आणि हाड जास्त. फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून. कोपर अंगाजवळ.

आणि अंगठा. अंगठा मागून दाबत राहिलो की हात भरून येतो. एक युक्ती आहे, कॉर्ड धरायची आणि अंगठा नेकवरून, म्हणजे गिटारच्या दांडीवरून, चक्क उचलून घ्यायचा. उजव्या हाताचं कोपरापुढचं वजन गिटारच्या अंगावर असतं, डावा हात नुसता मागे ओढायचा, दंडाच्या वजनाने. पहिल्यांदा करून बघितलं की थोडं भीतिदायक वाटतं पण तारा बोलतात, आणि मग लक्षात येतं की इतके दिवस आपण अंगठ्याला फुकट राबवत होतो. (मनगट दुखायला लागलं तर मात्र सरळ थांबायचं, तिथे शौर्य नको.)

बरं, यात आपला एकट्याचा दोष नसतो हेही सांगायला पाहिजे. पहिला फ्रेट ही मुळातच सगळ्यात गैरसोयीची जागा. साधारण ६४८ मिलीमीटर स्केलच्या (म्हणजे वाजणाऱ्या तारेच्या लांबीच्या) गिटारवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलीमीटर रुंद असतो आणि पाचवा २९ च्या आसपास, म्हणजे बोटं इथे जास्त ताणावी लागतात. शिवाय तार शेजारीच नटवर, म्हणजे दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, अडकलेली, ती तिथे खाली वाकायला नाखूश. त्यातून स्वस्तातल्या गिटारच्या नटच्या खाचा उथळ कापलेल्या असल्या तर तार उंचच राहते. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरून बघा, ए मेजर लागतो आणि निम्म्या कष्टात लागतो. म्हणून माझं मत विचाराल तर नवशिक्याला ही आडव्या बोटाची कॉर्ड, म्हणजे बार कॉर्ड, पाचव्या फ्रेटवर शिकवावी आणि मग एकेक घर मागे आणावं, पण शिकवणारे पहिल्या फ्रेटवरच का ढकलतात देव जाणे. दुरुस्तीवाल्या काकांनी माझ्या गिटारच्या खाचा कानसेने जरा खोल करून दिल्या, मिलीमीटरचा कुठलातरी अंश असेल, आणि फरक असा पडला की आधीच्या सगळ्या रियाजाचा राग आला. पावसाळ्यात पुन्हा वेगळी तऱ्हा, दमट हवेने लाकूड फुगतं, गिटारचं पोट वर येतं, तारा उंच होतात, आणि मे महिन्यात लागणारा एफ जुलैत परत रुसतो.

या टप्प्यावर कोणीतरी हमखास जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टचं नाव काढतं, १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली तरी केवढा वाजवायचा वगैरे. खरं आहे. पण हे ऐकून आजपर्यंत कोणाचा एफ सुधारल्याचं मी बघितलेलं नाही. त्यापेक्षा रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स जवळचा वाटतो, सहावी तार नेकच्या वरून अंगठ्याने दाबायची आणि आडव्या बोटाची कटकट कमी करायची. माझा अंगठा तिथवर पोचत नाही हा भाग वेगळा.

आता हा सगळा खटाटोप कशाला, तर माझ्या बाबतीत उत्तर सासूबाई. त्या गातात 'काळी चार' पट्टीत, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून. पेटीवर त्यांची बोटं डोळे मिटून तिथेच पडतात, आणि एका रविवारी मला म्हणाल्या, "अगं, तुझी ती गिटार काढ ना, मला जरा साथ कर." काळी चार म्हणजे आमच्या भाषेत जी शार्प. मुख्य कॉर्ड जी शार्प, सी शार्प, डी शार्प, म्हणजे उघड्या तारेचं नावच नको, सगळं आडव्या बोटाचं राज्य. मी कॅपो काढला, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर तो लावून जी, सी, डी वाजवलं की झाली काळी चार. दोन गाणी मजेत गेली. तिसऱ्याला त्यांनी जुनं एक गाणं काळी एकात धरलं, खर्जात छान लागतं म्हणून. कॅपो तिथेच ठेवून सीच्या सुरातले आकार वाजवायचे, सी, जी आणि अर्थातच एफ. कॅपो लावूनसुद्धा तो हजर!

पण एकदा आकार हाताला बसला की खरी श्रीमंती कळते. ई आणि ई, दोन्ही टोकांच्या तारा एकाच नावाच्या असल्यामुळे एकच आडवं बोट दोन्हीकडे पुरतं, आणि तो आकार उचलून नेला की पहिल्या घरात एफ, तिसऱ्यात जी, पाचव्यात ए, आठव्यात सी. चौथ्या घरात काळी चार, चिमट्याशिवाय. आणि बोटं किंचित सैल केली की सहाही तारा एका क्षणात गप्प, परत दाबल्या की परत चालू, तो छक् छक् ठेका उघड्या तारांच्या कॉर्डवर इतका सहज येतच नाही.

सध्या अडलंय ते ए आकाराच्या बारवर, सी शार्पसाठी. त्यात अनामिकासुद्धा आडवी टाकायची, तीन तारांवर, आणि शेवटचं पेर उलटं वाकवून पहिली तार मात्र अनामिकेखालून सोडवून पहिल्या बोटाकडे ठेवायची. काही लोकांचं पेर तसं वाकतं. माझं वाकत नाही, म्हणून मी पहिली तार सरळ वाजवतच नाही, आणि बरेच जण तसंच करतात. सासूबाईंना त्या तारेचं काही सोयरसुतक नाही. त्यांची तक्रार वेगळीच आहे. परवा पेटीचा भाता थांबवून म्हणाल्या, "बोटं छान बसतात गं आता तुझी. फक्त ती बसेपर्यंत मी समेवर येऊन पुढे गेलेली असते."