चढावर थांबव

सातारा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये गाड्या विकते मी, सात वर्षं झाली. गिऱ्हाईक आत शिरलं की पैसे कोण देणार, गाडी कोण चालवणार आणि शेवटी मोडता कोण घालणार, एवढं पहिल्या पाच मिनिटांत ओळखता आलं पाहिजे. त्या शनिवारी माझे तिन्ही अंदाज चुकले.

चौघं आली होती. मुलगा मोबाईलमध्ये तक्ताच करून आलेला. सून मागे शांत उभी. काकूंनी पर्स पोटाशी धरलेली. आणि आप्पा, पांढरा लेंगा-शर्ट, डोक्याला टोपी, सोफ्यावर न बसता डिस्प्लेच्या गाडीखाली वाकून बघत होते. पाणी आणलेल्या पोराला त्यांनी हातानंच थांबवलं.

मुलाने मला बाजूला घेतलं. ‘‘मॅडम, मॉडेल ठरलंय. आप्पांना एवढंच पटवा की हजार सीसीचं टर्बो हे बाराशेच्या साध्या इंजिनापेक्षा लहान नसतं.’’

हा प्रश्न मला आठवड्यातून दहादा येतो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. सीसी म्हणजे सिलिंडरमधली जागा. टर्बो काय करतो, सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूवर एक पंखा फिरवतो आणि त्याच्या जोरावर त्याच जागेत जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. बाराशेवाल्याची ताकद ८३ पीएस, टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, ११४ न्यूटन-मीटरच्या आसपास, तोही चार हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेईल तेव्हा. हजारवाल्याची १२०, टॉर्क १७२, आणि तो दीड हजारापासूनच मिळायला लागतो. मी बोटांवर आकडे मोजत असताना आप्पा कधी मागे येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

‘‘टर्बो आमच्या गाडीला पण होता, पोरी. सहा सिलिंडर. एकतीस वर्षं यष्टी चालवलीय. स्वारगेट-महाड, वरंध्यानं.’’

वरंध्याच्या घाटात एसटी चालवलेल्या माणसाला मी टॉर्क शिकवत होते! गप्प बसले.

पुढचा प्रश्न त्यांचाच. दोन्ही लहानच, मग दीड लिटरचं, म्हणजे पंधराशे सीसीचं पेट्रोल इंजिन का नाही देत? मी म्हटलं, काका, त्याचं कारण इंजिनात नाही, करात आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि बाराशे सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेली गाडी १८ टक्के जीएसटीत बसते. डिझेलला ही हद्द पंधराशेची. त्याच्या वर गेलात की ४०. मारुतीची ब्रेझा बघा, लांबीनं चार मीटरच्या आत, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ४० च्या खान्यात. म्हणूनच तर या वर्गातली इंजिनं ११९७, ११९९ अशी काठावर येऊन थांबलेली असतात. आप्पा हसले. ‘‘म्हंजे इंजिन किती मोठं करायचं ते सरकार ठरवतं.’’

आमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे सपाट रस्त्यावर चार किलोमीटर, एसी फुल, गाणी लावलेली. त्यात गाडी आवडते, कळत मात्र काही नाही. आप्पा म्हणाले, ‘‘कात्रजच्या जुन्या घाटात चल. आणि आम्ही सगळे बसणार. गाडी काय एकट्यासाठी घेतोय?’’ चौघं आणि मी, पाच जणांची भरती झाली. तरी त्यांचं समाधान होईना, डिकीत वजन टाक म्हणाले. काय टाकणार? पॅन्ट्रीतले पाण्याचे वीस लिटरचे दोन जार टाकले. मॅनेजर काचेआडून बघत होते. मी तिकडे पाहिलंच नाही.

पहिली फेरी बाराशेच्या गाडीची. मुलगा चालवायला. कात्रज चौकातली गर्दी पार करून घाटाला लागलो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत पण नीट चढत होती. तिसरा टाकला की गुदमरायची. एसी बंद केला की जरा मोकळी व्हायची. आप्पा पुढे बसून खिडकीबाहेर बघत होते, कान मात्र इंजिनाकडे. एका वळणाच्या तोंडाशी, ऐन चढावर, म्हणाले, ‘‘थांबव.’’

मागून टेम्पो हॉर्न मारायला लागला.

‘‘आता उठव.’’

हिल होल्ड आहे, गाडी दोन-तीन सेकंद मागे सरकत नाही, हे मी सांगेपर्यंत ते सेकंद संपले आणि गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा त्याने एवढी रेस केली की क्लच जळाल्याचा वास आत आला. काकूंनी पदर नाकाला लावला. आप्पा ओरडले नाहीत. ‘‘पळणारी गाडी चढावर कुणीबी चालवंल. थांबून उठती का ते बघायचं,’’ एवढंच म्हणाले आणि मागे वळून सुनेला म्हणाले, ‘‘तू बस गं.’’

ती बसली, सीट पुढे ओढली, हाफ क्लचला गाडी जराशी थरथरली तशी रेस दिली आणि अलगद उठवली. मागच्या टेम्पोवाल्यानेही हॉर्न थांबवला. जुन्या बोगद्याजवळ गाडी वळवून आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये खाली उतरलो. आप्पांनी न्यूट्रल करू दिलं नाही.

जार दुसऱ्या गाडीत टाकले. आता टर्बो. तोच रस्ता, तीच माणसं. खरं सांगते, घाटात फरक जमीन-अस्मानाचा आहे. मघाशी जिथे दुसऱ्यात रडत होतो, तिथे ही तिसऱ्यात हसत चढली, एसी चालू ठेवून. मुलाचा चेहरा असा की बुकिंगचे पैसे गाडीतूनच पाठवेल. मग तेच वळण.

‘‘थांबव. आता हिला दे.’’

सुनेनं मघासारखंच केलं. गाडीनं क्षणभर काहीच केलं नाही. तिनं अजून दाबलं, आणि टर्बो लागला तशी गाडी अशी उसळली की तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. दीड हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो आणि तेवढ्यापुरतं ते इंजिन खरंच हजार सीसीचं असतं. ही गोष्ट मी सात वर्षांत एकाही गिऱ्हाईकाला आपणहून सांगितलेली नाही. सवयीनं पाय बसतो, हेही खरं.

परतताना कात्रज चौकात वीस मिनिटं अडकलो. पहिला गिअर, दहा फूट, थांब. पहिला, दहा फूट, थांब. आप्पा रस्त्याकडे बघतच नव्हते. ते सुनेच्या डाव्या पायाकडे बघत होते.

शोरूममध्ये आल्यावर मी सवयीनं फॉर्म मुलापुढे सरकवला. आप्पांनी सुनेला विचारलं, ‘‘रोज गाडी कोण नेणार?’’

‘‘मीच. हे कंपनीच्या बसनं जातात. मला धनकवडीहून मगरपट्टा.’’

दीड तासात मी तिला रंगाबद्दलसुद्धा विचारलं नव्हतं. कार्डही नवऱ्याच्या हातात दिलं होतं.

‘‘मग तू सांग.’’

‘‘बाराशेची. ती मला आधी सांगून मग हलते.’’

मुलगा उसळला. घाट, एक्स्प्रेसवे, ओव्हरटेक, रीसेल, तक्ता पुन्हा उघडला. त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. दर शनिवारी पाच माणसं घेऊन महाबळेश्वर गाठणाऱ्या घराला मी आजही टर्बोच सांगेन, आणि माझ्यासाठी घ्यायची झाली तर टर्बोच घेईन. आप्पांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, ‘‘गावाला वर्षातनं किती येळा? गणपती आन् जत्रा. दोनदा दुसऱ्या गिअरात जाऊ की. मला घाटात घाई न्हाई.’’

मी पेन आप्पांपुढे धरलं. त्यांनी मान हलवली आणि काकूंकडे बोट केलं. काकूंनी पोटाशी धरलेल्या पर्समधून चेकबुक काढलं. बावीस वर्षं खानावळ चालवली म्हणे, डबे पोचवायला एकेकाळी रिक्षा लावायच्या, तेव्हापासून गाडी घ्यायची होती. सही अगदी सावकाश, वळणदार. मग मला म्हणाल्या, ‘‘मॅट फुकट देणार ना?’’

दिले.

टर्बोचं बुकिंग हातचं गेलं म्हणून मॅनेजर काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते बोलत असतानाच पॅन्ट्रीतला पोरगा दारात येऊन उभा राहिला.

‘‘मॅडम, पाणी संपलंय. जार तुम्ही नेलेत का?’’